येळवसेच्या दिवशीचं मृत्युपत्र

गावाकडच्या बायका हल्ली मला वेगळ्याच कामासाठी गाठतात. पूर्वी पोराला पहिलीत घालायचं असलं, की यायच्या. आता एसटीत शेजारी येऊन बसतात, पदर तोंडाशी नेतात आणि हळूच विचारतात, "बाई, बापानं मृत्युपत्र केलं असलं तर ते मोडता येतं का ओ?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. कायद्याचं शिक्षण मला काडीचं नाही. पण मी सख्ख्या भावावर दावा केला होता हे चार गावांना माहीत आहे, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बसून माणूस अर्धा वकील होतोच. म्हणून मी सांगते. स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावरचंही चालतं. रजिस्टर केलेलंच पाहिजे असंही नाही. दोन साक्षीदार मात्र लागतात. रान वाडवडलांचं असेल तर बापाला आपल्या हिश्शापुरतंच लिहिता येतं, पण त्यानं स्वतः घेतलेलं असेल तर तो ते कुणालाही देऊ शकतो, वाटेवरच्या माणसालासुद्धा. दोन मृत्युपत्रं निघाली तर शेवटचं खरं धरतात. आणि लेकीला काही दिलं नाही, एवढ्या एका कारणावरून मृत्युपत्र मोडत नाही. हे शेवटचं ऐकलं, की बाई तोंडाशी नेलेला पदर सोडते. मग सगळ्याजणी विचारतात तेच विचारते, "मग तुमचं काय झालं?"

तोवर बहुतेक वेळा ढोकी येते आणि मी उतरते. एसटीत सांगण्यासारखं ते नाहीच. इथं सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका उन्हाळ्यात गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. आम्ही दोघंच भावंडं, मी थोरली आणि माझ्या पाठचा भाऊ. अण्णांचं रान काळं, विहिरीचं, आणि सगळंच्या सगळं त्यांनी स्वतः घेतलेलं. आजोबांकडून त्यांना आलं होतं ते फक्त कष्ट करायचं वळण. मी लग्न होऊन ढोकीला आले ती कायमची. माहेर तिथून जवळच, पण जवळच्या माहेराला लेक कमी जाते असं म्हणतात, ते माझ्या बाबतीत खरं होतं. कधी शाळा, कधी घर, कधी नुसताच कंटाळा.

वर्षश्राद्ध झालं आणि तलाठ्याची नोटीस आली. भावानं रान स्वतःच्या नावावर करायला अर्ज दिला होता, आणि त्याला जोडून अण्णांचं मृत्युपत्र होतं. असं काही आहे हे मला त्या दिवशीच कळलं. फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "अक्का, मला बी ठाव नव्हतं. पेटीत निघालं. अण्णांच्या धोतराखाली व्हतं." मी म्हणाले, बरं. मनात म्हणाले, वा रे वा, धोतराखाली.

नक्कल मिळवली आणि वाचली. रान, विहीर, घर, बैल, सगळं मुलाला. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं. 'मुलीचे लग्न करून दिले असून ती तिच्या घरी सुखी आहे, सबब तिला काही देणे नाही.' मी ते वाक्य उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. अण्णांनी मला जन्मात कधी 'मुलगी' म्हटलेलं नव्हतं. ते मला 'माय' म्हणायचे. आमच्याकडे बाप लेकीला तसंच म्हणतात. आणि हे 'सबब' कुठून आलं? अण्णांच्या तोंडात सबब हा शब्द फक्त सालगडी कामावर आला नाही म्हणजे यायचा.

लोकांना वाटलं मला रान हवं. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं असेल, त्यानं विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या रानाचं मी काय करणार होते? मला पेन्शन आहे, गुडघे नाहीत. मला ते मृत्युपत्र खोटं निघायला हवं होतं. भावानं केलं असेल, कुणी त्याला शिकवलं असेल, अण्णांचा अंगठा झोपेत घेतला असेल, काहीही चालणार होतं. भाऊ लबाड निघाला तर मी सोसलं असतं. पण अण्णांनी शुद्धीत बसून, विचार करून, मला एका वाक्यात उरकलं, हे मला सोसणारं नव्हतं. म्हणून दावा केला.

तलाठ्याकडे हरकत घेतली, मंडळ अधिकाऱ्यापुढे बसलो, आणि मग धाराशिवच्या कोर्टात. पहिल्या तारखेची गंमत सांगते. मी ढोकीच्या स्टँडवर उभी होते. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक कारखान्याकडे चाललेले, रस्ता तुंबलेला, एसटीचा पत्ता नाही. तेवढ्यात भावाची मोटरसायकल समोर येऊन थांबली. "बस अक्का, एसटीचं आज काय खरं न्हाय." मी बसले. वादी मागं, प्रतिवादी पुढं, अशी आमची वरात कोर्टाच्या फाटकातून आत गेली. माझ्या वकिलांनी ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "बाई, असं करू नका. जज्जसाहेबांनी पाहिलं तर काय म्हणतील?" तेव्हापासून मी एसटीनंच गेले. भाऊही स्टँडवर थांबेनासा झाला, आणि नंतर नंतर तर कोर्टात समोरासमोर आलो तरी तो भिंतीवरचा फलक वाचायचा आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायचे.

तारखा पडत राहिल्या. कोर्टातल्या तारखेबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. जायचं, बसायचं, आपलं नाव पुकारलं की उठायचं, पुढची तारीख घ्यायची, यायचं. व्हरांड्यातल्या बाकावर माझ्यासारखी पुष्कळ मंडळी. कुणी भावावर, कुणी पुतण्यावर, एक म्हातारी तर स्वतःच्या दोन्ही लेकांवर. सगळ्यांकडे डबे. जेवायच्या वेळी वादी-प्रतिवादी न बघता लोणच्याची देवघेव व्हायची. मला वाटायचं, इतकं दमून इथं बसण्यापेक्षा घरी बसून रडलेलं बरं. पण घरी तरी काय होतं?

वकील माझा हुशार होता. मूळचा खानदेशातला, सासुरवाडी धाराशिवची म्हणून इथं राहिलेला. एके दिवशी तो कागद चाळत मोठ्यानं मृत्युपत्राची तारीख वाचत होता आणि मी अर्ध्या कानानं ऐकत होते. तारीख ऐकून मला आधी काही वाटलं नाही. मग आठवलं, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. रविवार नव्हता, तरी सुट्टी होती. कलेक्टरांची स्थानिक सुट्टी. मी उठून उभीच राहिले.

"साहेब," म्हटलं, "त्या दिवशी येळवस होती."

त्याला येळवस माहीत नव्हती. खानदेशात कुठून असणार? मी त्याला सगळं सांगितलं. कागदोपत्री तिला वेळ अमावस्या म्हणतात. थंडीतली ती अवस. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. अख्खं गाव रानात जातं. रानात कडब्याची कोप करायची, आत चुना दिलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची. मग बाजरीचे उंडे, सगळ्या शेंगांची भज्जी, ज्वारीची आंबील. 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असं ओरडत पिकावर आंबील शिंपायची. वाटेवरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळख असो नसो. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, कारण कुत्र्यालाही माहीत असतं जेवण रानात आहे.

"आणि इथं काय लिहिलंय?" मी म्हणाले. "राहत्या घरी, भर दुपारी, दोन साक्षीदारांसमक्ष. येळवसेच्या दुपारी! हे ज्यानं कुणी नंतर बसून लिहिलं, त्यानं तारीख टाकताना पंचांग पाहिलं नाही."

वकिलाचा चेहरा उजळला. "बाई, हे आधी का नाही सांगितलंत? हे तर सोनं आहे." त्यानं मला विचारलं, त्या वर्षीच्या येळवसेला तुम्ही माहेरी होता का. होते. माझ्याच हातची भज्जी होती, भावजय तेव्हा नुकतीच आजारातून उठलेली होती. वडील? म्हटलं, होते की, सगळेच रानात होतो. मला ती येळवस आठवत होती, कोप आठवत होती, थंड वारं आठवत होतं. आणि येळवसेला अण्णा रानात नाहीत असं होईल का कधी?

त्यानं माझं शपथपत्र टाईप करून घेतलं. 'सदर दिवशी माझे वडील सकाळपासून सायंकाळपर्यंत आमच्यासमवेत शेतात हजर होते.' पुढच्या तारखेला सही करायची होती. त्या दिवशी घरी येताना मी कित्येक महिन्यांनी एसटीत डोळे मिटून नीट बसले. भाऊ लबाड ठरला होता आणि मला बरं वाटत होतं. माणसाला कशाकशानं बरं वाटेल सांगता येत नाही.

तारखेच्या आधी त्या वर्षीची येळवस आली. भावजयीचा फोन आला. कोर्ट चालू आहे म्हणून येळवसेचं बोलावणं चुकवायचं, हे तिच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं. "वन्सं, यावा रानात. लेकरं वाट बघत्यात." मी 'बघते' म्हणाले. पण मी गेले. जेवायला नव्हे. मला गाव बघायचं होतं. उलटतपासात समोरचा वकील विचारणार, गाव रिकामं असतं हे तुम्ही कशावरून म्हणता? तेव्हा मला ठासून सांगता यावं, की मी भर दुपारी गेले आणि डोळ्यांनी पाहिलं.

गाव रिकामंच होतं. दारांना कड्या, कुलपं. पाराखाली कुणी नाही. पिठाची गिरणी बंद. एरवी ज्या बोळात चार बायका उभ्या असतात तिथं माझ्याच चपलांचा आवाज येत होता. मी खूश होत चालले होते. आमच्या घरालाही कुलूप होतं. तिथून वळले, आणि शेजारच्या ओसरीवरून हाक आली.

"कोण, माय का?"

शेजारचे काका घोंगडं पांघरून भिंतीला टेकून बसले होते. अण्णांच्या बरोबरीचे. आणि मृत्युपत्रावर पहिली सही त्यांचीच होती. वकिलानं मला बजावलं होतं, समोरच्या साक्षीदारांशी बोलायचं नाही. पण वडलांच्या बरोबरीच्या माणसानं 'माय' म्हणून हाक मारल्यावर पुढं कसं जाणार? मी ओसरीच्या कडेला टेकले.

"काका, तुम्ही रानात नाही गेलात?"

"कुठं जायाचं, पाय चालंनात. पोरं म्हणली गाडीवर नेतो, म्या म्हणलं नगं. सांजच्याला आणत्याल की खायाला." मग हसून म्हणाले, "माजी ही दुसरी येळवस बघ गावात बसून. त्या साली सुतक व्हतं आमच्यात, तवा बी हितंच व्हतो. पर तवा लई मजा आली. तुज्या हातची भज्जी खाल्ली की, तुज्या बापाच्या ओसरीवर."

मी म्हटलं, "कधी?"

"कधी म्हंजी? त्याच साली. तुजा बाप न्हवता गेला रानात. गुडघा सुजला व्हता त्याचा. तू सांजच्याला आलीस टोपलं घेऊन, आन आमाला समद्यांला वाढलंस. इसरलीस व्हय?"

विसरले होते. खरंच विसरले होते. पण त्यांनी म्हटलं आणि ते सगळं समोर येऊन उभं राहिलं. दिवस कलताना मी अण्णांसाठी उंडे, भज्जी आणि आंबिलीचं मातीचं बिंदगं घेऊन घरी आले होते. ओसरीवर माणसं बसली होती. हे काका, गावातले एक रिटायर पोस्टमन, आणि पिशवी मांडीवर धरलेला एक अनोळखी माणूस. अण्णा म्हणाले, "माय, यांना वाढ. सकाळपासून उपाशी हायती." मी वाढलं. त्या अनोळखी माणसानं भज्जी दोनदा मागून घेतली होती. येळवसेला कोण ना कोण जेवायला असतंच, म्हणून मी ते कधी मनात ठेवलंच नाही. जन्मभर मी इतक्या लोकांना वाढलंय, कुणाकुणाला लक्षात ठेवू?

"तो पिशवीवाला कोण होता, काका?"

"अर्जनवीस. तहसीलीसमोर बसतो तो. तुज्या बापानंच बोलावला व्हता. म्हणला, येळवसेला ये, घर रिकामं असतंय, कुणाला कळायचं न्हाय. पोराला कळलं तर ते कामं सोडून बसंल, अन् सुनंला कळलं तर गावाला कळंल."

म्हणजे ज्या रिकाम्या गावावर मी माझा सगळा दावा उभा केला होता, ते गाव अण्णांनी मुद्दाम निवडलं होतं. आणि मी वकिलाला छातीठोकपणे सांगितलं होतं की कुत्रंसुद्धा राहत नाही. सुतक असलेली माणसं राहतात. पोस्टमनसारखी ज्यांना रानच नाही ती माणसं राहतात. ज्यांचे गुडघे सुजलेत ते राहतात. रान असलेल्यांच्या हे कधी ध्यानातच येत नाही, कारण त्या दिवशी ते गावात नसतात. मी माझीच पोळी भाजून घेत होते आणि तवाच नव्हता.

मला तिथून उठून जायला हवं होतं. पण मी दोन वर्षं ज्यासाठी कोर्टाचे जिने चढले होते ते विचारणं भागच होतं. मी म्हटलं, "काका, माझ्याबद्दल अण्णा काय म्हणाले?"

काकांनी घोंगडं खांद्यावर ओढून घेतलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. म्हातारी माणसं अशा वेळी काहीतरी गोड रचून सांगतात. पण ते म्हणाले, "तुजं नाव आपसुक न्हाय निघालं त्याच्या तोंडातनं, माय. अर्जनवीसानं इचारलं, लेकीचं काय लिवू? तर तुजा बाप म्हणला, ती सुखी हाय तिच्या घरी. तिला काय कमी न्हाय. लिवा तसंच. जावई लई जीव लावतोय तिला, म्या डोळ्यांनी बघून आलोय, म्हणला."

मला रडू आलं. काकांच्या पुढ्यात, रिकाम्या गावात, मी तोंडावर पदर घेऊन रडले. काका बिचारे "अगं, अगं" करत राहिले. त्यांना वाटलं मला रानाचं वाईट वाटलं.

डोळ्यांनी बघून आलोय. ते कधी, ते मला माहीत होतं. त्या येळवसेच्या आधीच अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी निघेपर्यंत आणि नंतरही ते आमच्याकडे ढोकीला राहिले होते. माझं आणि माझ्या नवऱ्याचं तोवर कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण नाही, मारहाण नाही, दारू नाही. नुसतं बोलणं नाही. कशावरून बिनसलं हे सांगण्यासारखंही राहिलेलं नाही. आमची पोरगी घरात होती तोवर तिच्यामार्फत निरोप चालायचे. ती लग्न होऊन गेल्यावर तेही संपले. मी ताट वाढून ठेवायचे, तो जेवून ताट मोरीत ठेवायचा. घरात कुणी मेलंय आणि आपण सुतक धरलंय, असं मला कधी कधी वाटायचं.

अण्णा आले त्या दिवशी संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, चहा टाकतेस का?" मी दचकले. मग म्हणाले, "टाकते. तुम्हाला बिनसाखरेचा ना?" आम्ही काही ठरवलं नव्हतं. ठरवायलाही बोलावं लागलं असतं. पण अण्णा असेपर्यंत आम्ही बोललो. इतकं छान बोललो, की नवीन लग्न झालेल्यांनी शिकावं. तो मला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचा. एकदा त्यानं पेरू कापून, मीठ लावून माझ्या हातात दिला. अण्णा एका डोळ्यानं बघत होते, दुसऱ्यावर पट्टी. ते जायला निघाले तेव्हा स्टँडवर माझा हात धरून म्हणाले, "माय, तुजं बरं हाय बघ. माजी काळजी मिटली." त्यांना एसटीत बसवून आम्ही दोघं घरी आलो आणि त्याच संध्याकाळपासून पुन्हा गप्प झालो.

आणि त्याआधी तरी मी काय केलं होतं? माहेरी गेले की आई विचारायची, अण्णा विचारायचे, बरं हाय नव्हं? मी म्हणायचे, बरं हाय. आमच्याकडे लेकीला याहून वेगळं उत्तर येत नाही. सासरचं पाणी माहेरी सांडायचं नाही. अण्णांनी माझ्यावर अन्याय केला नव्हता, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्याचा मला त्यांच्या मृत्युपत्राहून जास्त राग आला. एवढी ज्वारी पारखणारा माणूस, कणसाकडे बघून दाणा सांगणारा, त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळू नये? अजूनही येतो राग. कुणावर काढायचा ते मात्र कळत नाही.

मी रानात गेले नाही. आले तशी परत आले.

वकिलाला जाऊन सांगितलं, ते वाक्य काढा. वडील घरी होते. मीच त्यांना आणि साक्षीदारांना जेवायला वाढलं. वकिलानं पेनाला टोपण लावून ठेवलं. मग म्हणाला, "बाई, तेवढंच तर होतं आपल्याकडे." मी म्हटलं, होय. तो म्हणाला, तुम्ही गप्प बसा, त्यांना सिद्ध करू द्या, मृत्युपत्र खरं हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची, म्हातारा साक्षीदार आहे, उलटतपासात गडबडेल. तो त्याच्या जागी बरोबर होता. पण मला आता कुणालाच गडबडवायचं नव्हतं. मी दावा काढून घेते म्हणाले. "विचार करा" म्हणाला. म्हटलं, दोन वर्षं तेच केलं.

दावा काढून घ्यायला फार वेळ लागत नाही. घालायला लागतो. जज्जसाहेबांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? मी नाही म्हणाले. स्वखुशीनं? हो म्हणाले. सही केली. शेजारच्या बाकावरची म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिच्या दोन्ही लेकांची तारीख त्याच दिवशी होती.

बाहेर आले तर पायऱ्यांखाली भाऊ उभा. त्याला काय झालं ते त्याच्या वकिलाकडून कळलं असणार, पण का झालं ते कळलेलं नव्हतं. तो आनंदला आहे असं दिसलं नाही. दमलेला दिसला. केस पांढरे झाले होते त्याचे, हे मी इतक्या तारखांना एकत्र बसूनही पाहिलं नव्हतं. पेटीत निघालं, धोतराखाली होतं, हे तो पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता आणि मी त्याला मनात काय काय म्हटलं होतं.

"मला खरंच ठाव नव्हतं, अक्का," तो म्हणाला. "शप्पथ."

"माहीत आहे," मी म्हणाले. "काका बोलले."

आम्ही तिथंच उभे राहिलो. लोक आमच्या मधून ये-जा करत होते. एका वकिलाचा काळा कोट त्याला घासून गेला, तो बाजूला सरला. माणसाला काहीच सुचत नाही तेव्हा तो सवयीचं बोलतो. भाऊ खाली बघत म्हणाला, "घरी समदं बरं हाय नव्हं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ते आत्ता बाहेर पडणार, तेवढ्यात माझा मलाच कंटाळा आला.

"न्हाय," मी म्हणाले. "बरं न्हाय. लई वर्सं झाली, काईच बरं न्हाय."

त्यानं वर पाहिलं. मग माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, "बस हितं. सांग."